बयाण्यात गेलेली वही

नागपूरच्या शेठने सौंसरच्या तुळशीराम मिस्त्रीला फसवलं. वही नेली, ती परत केली नाही. नाव छापतो म्हणाला, छापलं नाही. ठरलेले पैसे पूर्ण दिले नाहीत. सौदा मी जमवला होता. शेठचं नाव लिहू नको असं मला वकिलाने सांगितलं आहे, म्हणून लिहीत नाही. तो वाचेल तेव्हा त्याला कळेल.

मी पांढुर्ण्याचा. संत्र्याच्या बागांची दलाली करतो. स्टेशनवर पेट्या चढवण्यापासून सुरुवात केली आणि तीस वर्षांत इथवर आलो. बागेतून एक चक्कर मारली की झाडांवर माल किती आहे ते मी सांगतो आणि शेकड्यात दोन-चार फळांपलीकडे चुकत नाही. आवाज मोठा आहे, राग लवकर येतो, आणि भाव करताना मी सख्ख्या भावालाही सोडलेलं नाही. आता थकलो आहे, पण ते वेगळं.

मिस्त्रीचं शेड सौंसरच्या बसस्टँडमागे, कडुनिंबाखाली. चार पत्रे आणि एक लाकडी बाक. बोर्ड कधी लावलाच नाही. माणूस काटकुळा, खाकी शर्टाच्या दोन्ही खिशांना सेफ्टी पिना लावलेल्या, म्हणजे वाकल्यावर काही टाकीत पडू नये. मोटारसायकलची सगळीच कामं करायचा, पण लोक लांबून यायचे ते पेट्रोलच्या तक्रारीसाठी. टाकीतून कार्बोरेटरकडे पेट्रोल सोडणारी जी तोटी असते, चालू, बंद आणि रिझर्व्हची, तिला आमच्याकडे कॉक म्हणतात. वरून पाहिलं तर बोटाएवढी वस्तू. मिस्त्रीचं अर्धं आयुष्य त्या वस्तूत गेलं.

मी त्याच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. माझ्याकडे जुनी टू-स्ट्रोक गाडी होती. तिच्यावर बसून मी सगळ्या बागा पालथ्या घातल्या. तिचा मूळचा कॉक गळायला लागला, तसा कंपनीचा मिळेना. मी नागपूरहून दुसरा आणला, सांगितलेल्या किमतीच्या अर्ध्यात. तेव्हापासून सिल्लेवानीच्या घाटात तिसऱ्या वळणावर गाडीला धाप लागायची आणि ती बंद पडायची. पाच मिनिटं थांबलो की पुन्हा चालू. पांढुर्ण्याच्या तीन मिस्त्र्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, आणि तिघांनीही कॉक काढून तोंडाने फुंकून पाहिला. तिघेही म्हणाले, कॉक चांगला आहे.

तुळशीराम मिस्त्रीने फुंकला नाही. मी म्हटलं, फुंकून तर पाहा.

"फुकून काय पाहता भाऊ," तो म्हणाला. "तोंडानं जोर लावला तर सुईच्या भोकातूनबी हवा जाते. पेट्रोल आपल्या वजनानं उतरते. त्याले मांगून कोणी फुकत नाही."

मग त्याने बाकाखालून एक काचेची बाटली काढली. लहान पोराला दूध पाजायची. त्याच्या मुलीची होती. ती मुलगी तेव्हा कॉलेजात होती. बाटलीवरच्या मिलीच्या लाल रेघा पुसल्या होत्या म्हणून त्याने कानशीच्या टोकाने काचेवर बारीक खुणा करून घेतल्या होत्या. टाकीतलं पेट्रोल काढून रिझर्व्हपुरतं ठेवलं. टाकीचं झाकण घट्ट लावलं. चावीचं मनगटी घड्याळ खिळ्याला टांगलं. नळी बाटलीत सोडली आणि कॉक उघडला.

मी काहीतरी बोललो. त्याने एक बोट वर केलं, कॉक बंद केला, बाटलीतलं पेट्रोल परत टाकीत ओतलं आणि शून्यापासून सुरू केलं. मी पुन्हा बोललो. त्याने पुन्हा ओतलं. बाजूच्या पानठेल्यावरचा माणूस म्हणाला, "भाऊ, चूप बसा, मिस्त्री गाडीले दूध पाजून राहिला. लेकरू झोपलं की मग बोला." तिसऱ्यांदा मी गप्प बसलो. तोवर मला माझ्या घरातही कोणी इतका वेळ गप्प बसवलं नव्हतं.

मिनिटाला सत्तर मिली निघालं.

मग त्याने विचारलं, गाडी ॲव्हरेज किती देते. मी म्हटलं, चाळीस. घाटात किती वेगाने जाता? चाळीसनेच. मिस्त्रीने खडूने पत्र्यावर हिशोब मांडला. चाळीसच्या वेगाने तासात चाळीस किलोमीटर, म्हणजे तासाला एक लिटर, म्हणजे मिनिटाला सतरा मिली. त्याची तिप्पट करायची. का? तर एक पट गाडीची, एक पट चढावर मूठ पूर्ण पिळल्याची, एक पट जाळीत बसणाऱ्या कचऱ्याची. झाले पन्नास. कॉक सत्तर देतो. म्हणजे कॉक बरोबर आहे. त्याने सगळं जसंच्या तसं बसवून दिलं आणि पैसे घेतले नाहीत, कारण काम काही केलं नव्हतं. मला वाटलं, मी जिंकलो.

त्याच आठवड्यात गाडी त्याच वळणावर बंद पडली. मी उलटा सौंसरला गेलो आणि अख्ख्या बसस्टँडला ऐकू जाईल असं बोललो. तो कॉटर पिन सरळ करत बसला होता. माझं संपल्यावर म्हणाला, "चाळीस कोणं मोजलं होतं?"

"मी सांगतो ना."

"गाडी तर दुसरंच सांगून राहिली."

मग त्याने माझी टाकी रिकामी करून तीत एक लिटर मोजून टाकलं, हातात एक लिटरची दुसरी बाटली घेतली, मागे बसला. मांडीवर माझी नमुन्याच्या संत्र्यांची पिशवी घेतली, कारण ती रोज असते हे त्याने माझ्याकडून काढून घेतलं होतं. घाटाला लागलो. अर्ध्या तासात लिटर संपलं. वीस किलोमीटरही झाले नव्हते. तिथेच दगडावर बसून त्याने पुन्हा हिशोब केला. अर्ध्या तासात हजार मिली, मिनिटाला तेहतीस, तिप्पट शंभर. कॉक देतो सत्तर. मग दुसऱ्या एका मोडीतल्या गाडीचा कॉक आणून, त्याच्या बुडाला चकती घासून बसवून, त्याने माझ्या गाडीला एकशे वीसचा केला. ती गाडी नंतर त्या वळणावर कधी थांबली नाही. विकली तेव्हाही तो कॉक तिच्यावर होता.

चाळीस मी का सांगितलं? कारण सगळे सांगतात. आपल्या गाडीचं ॲव्हरेज कोण कमी सांगतो? त्यानंतर मिस्त्रीने तो प्रश्न विचारणंच सोडलं. "ॲव्हरेज मालकाले पुसू नाही," असं तो नव्या गिऱ्हाइकासमोर माझ्याकडे पाहून म्हणायचा. आता तो विचारायचा, घरून किती टाकून निघता, आणि कुठवर पोचता. आणि मागे कोण बसते.

हे सगळं तो वहीत लिहायचा. शाळेची लांब वही, वर कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. एका पानावर एक गाडी. गाडी कोणती, कॉक मूळचा की बदललेला, मिनिटाला किती उतरतं, गाडीला लागतं किती, आणि खाली वजन व रस्ता. सौंसर आणि पांढुर्णा दोन्हीकडच्या गाड्या त्यात होत्या. "दुधाचे चार डबे, रोज घाट." "नवरा-बायको, दोन लेकरं, चक्कीचं पीठ." "एकटा, पण घाईत." एका पानावर लिहिलं होतं, "सासू बसत नाही म्हणते, बसते." मी ती वही पहिल्यांदा चाळली तेव्हा मला वाटलं, मतदार यादीतही आमच्या लोकांची इतकी खरी माहिती नसेल.

त्याच्या सवयी सांगायच्या तर बऱ्याच होत्या. इंजिन सुरू झाल्याशिवाय चहा प्यायचा नाही. चहा येऊन गार व्हायचा. काढलेला जुना भाग कागदात गुंडाळून मालकाला द्यायचा, तो नको म्हणाला तरी. "होऊन जाईन" हा शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नाही. "पाहू" म्हणायचा. आकडा जरा विचित्र आला तर दोनदा मोजायचा. ही शेवटची सवय त्याने एकदाच मोडली.

एकदा एक पोरगा आला, नवी घेतलेली जुनी गाडी घेऊन. म्हणाला, मोठ्या भोकाचा कॉक बसवून द्या, गाडी पळाली पाहिजे. मिस्त्रीने त्याला बाकावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं, मग दुसरा तांब्या पुढे केला. पोरगा म्हणाला, तहान नाही. मिस्त्री म्हणाला, "घागर भरून ठेवली तरी तुले लागते तेवढंच पेशील न? तसंच तिचं आहे. कमी पडू द्याचं नाही, बस." पोरगा हिरमुसून गेला. मी म्हटलं, बसवून द्यायचा होता, पैसे मिळाले असते. त्यावर वहिनी, म्हणजे मिस्त्रीची बायको, मागच्या दारातून म्हणाल्या, "तुमच्यासंगं राहूनबी हे नाही सुधरले भाऊ. पोरीची दुधाची बाटली पेट्रोलात घातली, ते माणूस काय कमावते?" त्या नेहमी त्या बाटलीवर यायच्या. पण ती धुऊन, उलटी करून, उन्हात त्याच ठेवायच्या.

आता मूळ गोष्ट.

नागपूरच्या शेठचा गाड्यांच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. नव्या गाड्यांना कॉकच नसतो, पण खेड्यापाड्यांत जुन्या गाड्या ढीगभर आहेत आणि त्यांचे मूळचे भाग मिळत नाहीत. त्याला तसे कॉक बनवायचे होते, म्हणून कोणत्या गाडीला किती उतार, म्हणजे मिनिटाला किती पेट्रोल, लागतो हे त्याला हवं होतं. मोजायला माणसं लावायची तर खर्च. माझ्याकडून त्याला वहीची गोष्ट कळली. मीच बोललो. मला बोलायला आवडतं.

मिस्त्रीला वही विकायची नव्हती. पण मुलीचं लग्न ठरलं होतं आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. काचेवरच्या खुणा दिसेनाशा झाल्या होत्या. मी म्हटलं, मी आहे ना, बागेसारखा सौदा करू. दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात शेठ शेडमध्ये आला. मी रुमाल काढला आणि रुमालाखाली बोटांनी भाव केला, जसा आम्ही बागेत करतो. शेठला ते नवीन होतं, त्याला हसू आलं. ठरलं ते असं: वहीची किंमत, कॉकच्या पाकिटावर मिस्त्रीचं नाव, आणि नक्कल काढून वही पंधरा दिवसांत परत. शेठ म्हणाला, महिन्याभराने येतो आणि घेऊन जातो. मला वाटलं, हा मागे हटू नये म्हणून बांधून घ्यावा. मी म्हटलं, बयाणा द्या, म्हणजे विसार. त्याने वहीवर एक नोट ठेवली, वहिनींनी वर सुपारी ठेवली.

आमच्याकडे बयाण्याचा अर्थ काय असतो ते बाहेरच्याला सांगावं लागेल. बयाणा घेतला की बाग मालकाची राहत नाही. तो पाणी देतो, राखण करतो, पण फळाला हात लावत नाही. लेकराने एक संत्रं मागितलं तर ते बाजारातून आणून देतो. खरेदीदाराशी परस्पर बोलत नाही. जे बोलायचं ते दलाल बोलतो. हा कागदावरचा कायदा नाही, पण मी तो मोडलेला पाहिला नाही. शेठला बांधायला मी जी गाठ मारली, ती त्याला माहीतच नव्हती. त्यात बांधला गेला तो मिस्त्री.

त्याने वही धुतलेल्या धोतरात बांधून पेटीत ठेवली. मी म्हटलं होतं, महिना आहे, एक नक्कल काढून ठेवा. तो म्हणाला, "तोच माल दोनदा विकल्यासारखं होते भाऊ."

दोनेक आठवड्यांनी मी सहज गेलो, तर मिस्त्री कामाला न लागता बाकावर बसून होता. समोर तिगावच्या मास्तरांची गाडी होती, दीडशे सीसीची. मास्तर शाळेत शिकवायचे, सौंसरला येऊन-जाऊन करायचे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी कॉकचं वायसर बदलायला आली होती. त्या दिवशी शेडसमोर रांग लागली होती. मिस्त्रीने सवयीने उतार मोजला, साठ आला. दीडशेच्या गाडीला साठ म्हणजे विचित्रच. पण रांग पाहून त्याने दुसऱ्यांदा मोजलं नाही. वहीत लिहिलं: मूळचा कॉक, साठ.

"कुंकू होतं भाऊ," तो म्हणाला.

मला काही कळेना. त्याने टाकीचं झाकण हातात दिलं. त्यात हवा आत जायला टाचणीएवढं भोक असतं. हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. दसऱ्याला मास्तरीणबाईंनी गाडीची पूजा केली होती आणि झाकणावर ओलं हळदीकुंकू लावलं होतं. ते भोकात जाऊन वाळलं. आता गाडी धुतली, भोक मोकळं झालं, आणि त्याच कॉकमधून एकशे चाळीस उतरलं. त्याने चार वेळा मोजलं होतं.

मी म्हटलं, मग वही काढा, साठ खोडा, एकशे चाळीस लिहा, संपलं.

"बयाणा झाला न. आता ते त्याची आहे. तो आला की त्याच्यासमोर खोडतो."

मी चिडलो. एक आकडा खोडायला काय लागतं? त्याने मान हलवली. मी तेव्हा पेटीतून वही काढून स्वतः खोडायला हवी होती. पण खरं सांगतो, मलाही हात लावावासा वाटला नाही. बयाण्याच्या मालाला मी कधी हात लावला नव्हता.

शेठ महिन्याने आला. आल्या आल्या म्हणाला, भाव जरा जास्तच झाला, कमी करा. मी सुरू झालो. आवाज चढला. तेवढ्यात मिस्त्री वही उघडून पुढे आला आणि म्हणाला, "शेठजी, एक आकडा—"

मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

तीस वर्षांची सवय. खरेदीदार बागेत उभा आहे, भाव पाडतो आहे, आणि मालक म्हणतो आहे की एका झाडाला रोग आहे. असं होऊ देणारा दलाल दुसऱ्या हंगामात दिसत नाही. मिस्त्रीला रीत माहीत होती. तो गप्प झाला. शेठने विचारलं, काय म्हणत होते? मी म्हटलं, म्हणतात, आकडे नीट उतरवून घ्या. शेठ हसला. थोडे पैसे दिले, बाकीचे वही परत करताना देतो म्हणाला, आणि वही गाडीच्या मागच्या सीटवर टाकून गेला.

मिस्त्री रस्त्याकडे पाहत होता. "पाय कायले दाबला भाऊ?"

"नंतर सांगू त्याला. आधी बाकीचं हातात येऊ द्या."

"एक फळ सडकं गेलं."

"पेटीत एखादं असतंच," मी म्हटलं.

पंधरा दिवस झाले, महिना झाला, वही आली नाही. मी नागपूरला गेलो. शेठने चहा पाजला, म्हणाला, काम चालू आहे. परत येताना सौंसरला उतरलो. मिस्त्रीने पैशाचं विचारलं नाही, नावाचं विचारलं नाही. "साठचं सांगतलं?" मी म्हटलं, राहिलं. खरंच राहिलं होतं. मी पैसे, नाव आणि वही यांच्यासाठी भांडायला गेलो होतो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा शेठने दोन तास बाहेर बसवलं आणि आतूनच निरोप दिला. सौंसरला मिस्त्रीने तेच विचारलं. मी म्हटलं, भेटलाच नाही.

तिसऱ्यांदा शेठ समोर आला आणि म्हणाला, "कोणती वही? आणि आकड्यांवर काय कोणाचं नाव लिहिलेलं असतं का?" मी काउंटरवरचे त्याचे सगळे खोके हाताने खाली लोटले. तिथल्या चौघांनी मला धरून रस्त्यावर आणलं. शर्ट फाटला. त्या सगळ्यात मी काय काय बोललो ते आठवतं, त्यात साठ नव्हता. संध्याकाळी सौंसरला पोचलो. वहिनींनी शर्ट पाहिला आणि पाणी दिलं. मिस्त्री म्हणाला, "जाऊ द्या भाऊ. नाव जाऊ द्या, पैसे जाऊ द्या. पोरीचं लग्न तर होऊन गेलं. साठचं तेवढं सांगतलं न?"

मी म्हटलं, सांगितलं.

त्याचा चेहरा मोकळा झाला. म्हणाला, मग झालं. वहिनींना चहा ठेवायला सांगितला. समोर कोणतंही इंजिन सुरू नसताना त्याने चहा प्यायलेला मी तेवढाच पाहिला.

त्यानंतर त्याने नवी वही सुरू केली. पहिल्या पानावर मास्तरांची गाडी, मूळचा कॉक, एकशे चाळीस, आणि खाली "झाकण पाहणे". पुढची पानं फारशी भरली नाहीत. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी बारीक दिसेना, दुसऱ्याचं राहिलं. कार्बोरेटरच्या गाड्याही कमी होत गेल्या.

चार वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात पांढुर्ण्यातल्या एका दुकानात मला शेठच्या कारखान्यातल्या कॉकचं पाकीट दिसलं. चकचकीत, वर गाडीचं चित्र, आणि खाली लिहिलेलं: दीडशे सीसीसाठी, मिनिटाला साठ मिली, प्रत्यक्ष मोजून तपासलेले. साठ. जगात दुसरं कोणी मोजलं असतं तर साठ आलं नसतं. तो साठ तिगावच्या एका घरातल्या कुंकवाचा होता. मी ते पाकीट विकत घेतलं आणि पहिल्यांदाच भाव केला नाही. पण घरी आणून ठेवून दिलं. काय करावं ते सुचेना. तीन आठवडे तसंच पडलं होतं.

तेवढ्या दिवसांत मास्तरांचा मूळचा कॉक गेला. मिस्त्रीला आता नीट दिसत नाही म्हणून त्यांनी पाकीट आणून दुसरीकडे बसवलं. मोजून तपासलेले असं लिहिलं होतं, मास्तर माणूस, लिहिलेल्यावर विश्वास. तिगाव-सौंसर सपाट रस्त्याला गाडी चालली. मग मास्तरीणबाईंना घेऊन छिंदवाड्याला निघाले. सिल्लेवानीच्या घाटात, पेट्रोल रिझर्व्हवर आलेलं, गाडी चढावर बंद पडली आणि मागे घसरली. बाई पडल्या. उजवं मनगट मोडलं. ते जोडलं, पण भाकरी थापताना अजून दुखतं.

बाई पडल्याचं मला मास्तरांनीच सांगितलं, मिस्त्रीला सांगायचं नाही या अटीवर. दुसऱ्या दिवशी मी पाकीट घेऊन सौंसरला गेलो.

दुपारची वेळ. शेडमध्ये एकच गाडी होती, तीही बंद. मिस्त्री बाकावर बसला होता. मी पाकीट हातात दिलं, काय लिहिलं आहे ते वाचून दाखवलं. तो उठला, त्या बंद गाडीच्या टाकीला तो कॉक लावला. बाटली काढली. काचेवरच्या खुणा तो आता नखाने चाचपायचा. घड्याळ माझ्या हातात दिलं, म्हणाला, मिनिट झालं की हात लावा, बोलू नका. मी मिनिटाला त्याच्या खांद्याला हात लावला. त्याने नख फिरवून पाहिलं.

"साठ," तो म्हणाला. "पुरे साठ. पाहा भाऊ, चुकीचा आकडा, पण बनवला किती मेहनतीनं. माझं एक अक्षर त्यानं इकडचं तिकडं नाही केलं."

मग बाटली टाकीत ओतता ओतता, "तुम्ही तर सांगतलं होतं न त्याले?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या आणि मला वाटतं त्यांना कळलं होतं. मी काही म्हणायच्या आत मिस्त्री पुन्हा वाकला. त्याला दुसऱ्यांदा मोजायचं होतं. विचित्र आकडा दोनदा. त्याने कॉक उघडला. पेट्रोलची बारीक धार बाटलीत पडायला लागली. मी म्हटलं, "मिस्त्री, मले एक सांगाचं होतं."

त्याने बोट वर केलं. कॉक बंद केला, बाटलीतलं पेट्रोल टाकीत परत ओतलं, आणि शून्यापासून सुरू केलं.

मी गप्प राहिलो. मिनिट संपल्यावर खांद्याला हात लावला, घड्याळ खिळ्याला टांगलं आणि निघालो. वळून पाहिलं तेव्हा तो बाटली उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, दिसत नसलेली खूण पाहत होता. त्यानंतर मी सौंसरला गेलेलो नाही. बागांची कामं असली तर दुसऱ्याला पाठवतो.

आता शेठ, तू ऐक. पाय मी दाबला. तीनदा येऊनही मी सांगितलं नाही, आणि मिस्त्रीला सांगितलं म्हटलं. हे माझ्या वाटणीचं, ते मी इथे लिहून दिलं आहे. मिस्त्रीला कोणी वाचून दाखवेल तेव्हा तो मला काय म्हणायचं ते म्हणेल. पण वही तुझ्याकडे आहे. पाकिटावर तू "मोजून तपासलेले" असं छापलंस आणि एक बाटली भरून पाहिली नाहीस. पैसे ठेव. नाव छापू नकोस. आकडा एकशे चाळीस आहे. दुकानादुकानांतून ती पाकिटं परत उचल, वही घेऊन सौंसरला ये, मिस्त्रीसमोर साठ खोड, आणि तिगावच्या त्या बाईच्या मनगटाचं काय करतोस ते तिच्या दारात उभा राहून सांग.